विषय बरोबर, पद चुकीचं

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी ३४ वर्षांची, मूळची सांगलीची. पुण्यात फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं, मग ऑक्साइडच्या पातळ थरांच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवर पीएच.डी. आणि जर्मनीत दोन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची ठरावीक मुदतीची संशोधकाची जागा. परत आल्यावर कायमची जागा मिळेना, म्हणून बंगळुरूत सेमीकंडक्टर वेफर (ज्यांवर चिप बनतात त्या चकत्या) तपासणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. त्याला चार वर्षं झाली. नॉइजने भरलेल्या इमेजमधून खरा दोष शोधून काढणारे अल्गोरिदम आमची टीम लिहिते. पगार उत्तम आहे, माणसं चांगली आहेत.

गेल्या वर्षी एका कॉन्फरन्समध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवरचं (क्रायो-ईएम, म्हणजे प्रोटीन गोठवून इलेक्ट्रॉनने त्याची इमेज घेणं) भाषण ऐकलं आणि डोक्यात किडा शिरला. ओळखीतून एका स्ट्रक्चरल बायॉलॉजीच्या लॅबशी बोलणं झालं. त्या संस्थेत नवा क्रायो मायक्रोस्कोप नुकताच आलाय. लॅबच्या प्रमुख मला तीन वर्षांची पोस्टडॉक जागा द्यायला तयार आहेत. शहर बदलावं लागेल, आणि पगार आताच्या निम्म्याहून बराच कमी होईल. डोक्यावर फ्लॅटचा हप्ता आहे. नवरा म्हणतो, ‘तुझं तू बघ.’ बाबा म्हणतात, ‘ही तिसरी धरसोड.’ ऑफिसमधला मित्र म्हणतो, प्रोटीनच्या रचनेचा अंदाज बांधणारं अल्फाफोल्ड हे एआय आल्यावर प्रोटीनची स्ट्रक्चर काढायला माणसं कशाला हवीत? आणि मला स्वतःला बारावीनंतर बायॉलॉजीचा गंध नाही. जावं का? गेले तर कंपनीतली चार वर्षं सीव्हीमध्ये कशी दाखवू?

– नाव छापू नये, बंगळुरू

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र जागेअभावी कापून छापलंय, पण कापलेल्या भागातच मला उत्तर सापडलं. मूळ पत्रात डिटेक्टरवर जवळजवळ पानभर मजकूर आहे: पिक्सेलचा आकार, फ्रेम रेट, आणि त्या भाषणातला मोशन करेक्शनचा (इमेज घेताना सँपल हललेलं दुरुस्त करण्याचा) आलेख तुम्हाला कसा अपुरा वाटला ते. प्रोटीनबद्दल एकच ओळ आहे, आणि तीही ‘कुठलं तरी मेम्ब्रेन प्रोटीन होतं’ अशी. हे मी टोमण्याने म्हणत नाही. तुम्हाला नेमकी कशाची ओढ लागली आहे ते त्यातून उघड होतं, आणि पोस्टडॉकची जागा त्यासाठी नाही. पुढचं सगळं याच एका मुद्द्याभोवती आहे.

आधी बाबांचं बोलणं घेऊ, कारण ते तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं.

वडोदऱ्यात वाढलेले वेंकी रामकृष्णन महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाले. वडील त्याच विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचे विभागप्रमुख, म्हणजे जीवशास्त्र घरातच होतं, आणि मुलाने नेमकं तेच घेतलं नाही. अमेरिकेत ओहायो विद्यापीठातून १९७६ मध्ये त्यांनी थिअरेटिकल फिजिक्समध्ये पीएच.डी. केली. त्या विषयात मन रमत नाही हे तोवर त्यांना कळून चुकलं होतं. मग काय केलं? पीएच.डी. हातात असताना सॅन डिएगोला बायॉलॉजीचे विद्यार्थी म्हणून पहिल्या इयत्तेपासून सुरुवात केली. लग्न झालेलं, घरात लहान मुलं. दोन वर्षांनी तिथली पदवी न घेताच ते येलला गेले, कारण तिथे रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रावर, न्यूट्रॉन स्कॅटरिंगने (न्यूट्रॉन कसे विखुरतात ते पाहून) काम चाललं होतं. रायबोसोम जीवशास्त्राचा आणि न्यूट्रॉन फिजिक्सचे, म्हणजे त्यांच्यासाठी सोयीचा दरवाजा. त्यानंतर पन्नासेक ठिकाणी अध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केले, एकही जागा मिळाली नाही. ओक रिज, ब्रुकहेवन अशा सरकारी प्रयोगशाळांत वर्षं गेली. क्रिस्टलोग्राफी (स्फटिकावर एक्स-रे टाकून रचना काढणं) नीट शिकायला ते केंब्रिजला गेले तेव्हा चाळिशी आली होती. युटामधली प्राध्यापकी सोडून १९९९ मध्ये कायमचे केंब्रिजला आले, २००० मध्ये रायबोसोमच्या लहान भागाची रचना प्रसिद्ध केली, २००९ मध्ये नोबेल. सांगलीच्या हिशेबाने या माणसाने निदान पाच वेळा धरलं आणि सोडलं.

एक पथ्य मात्र पाळा. नोबेलवाल्यांच्या कथा वाचून नोकरी सोडू नये. त्याच वर्षांत तितकंच धाडस करून जे कुठेच पोचले नाहीत, त्यांची चरित्रं कोणी लिहिलेली नाहीत. या लोकांकडून ते गेले कसे तेवढंच शिकावं. पोचणं कोणाच्याच हातात नसतं.

आणि ‘कसे’ पाहिलं, तर एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. एरन क्लूग यांची केंब्रिजची पीएच.डी. पोलाद थंड होताना त्यात काय बदल होतात यावर होती. पुढे लंडनच्या बर्कबेक कॉलेजात ते रोझालिंड फ्रँकलिन यांच्याबरोबर विषाणूंवर काम करू लागले, आणि नंतर केंब्रिजला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या सपाट चित्रांवरून त्रिमित रचना उभी करण्याची रीत बसवली. १९८२ चं नोबेल त्याच कामाचं. फ्रँकलिन स्वतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश कोळसा उद्योगाच्या संशोधन संस्थेत होत्या. कोळशातली सूक्ष्म छिद्रं मोजणं हे त्यांचं काम. पॅरिसला जाऊन त्या कार्बनवर एक्स-रे वापरायला शिकल्या आणि १९५१ मध्ये तेच कौशल्य घेऊन डीएनएपाशी आल्या. कोळशानंतर डीएनए ही उडी कागदावर केवढी वाटते! त्यांच्या टेबलावर मात्र पॅरिसला शिकलेलं तेच एक्स-रेचं तंत्र होतं, बदललं ते समोरचं सँपल.

तुमचंही तेच होणार आहे. ऑक्साइडचे थर, मग वेफर, आता बर्फात गोठवलेलं प्रोटीन. तिन्ही ठिकाणी इलेक्ट्रॉनने घेतलेली, नॉइजमध्ये बुडालेली इमेज आणि तिच्यातून खरं काय ते काढायची खटपट. बाबांना हे एकदा चित्र काढून समजावा. पटेलच असं नाही, पण तुम्ही इकडेतिकडे हात मारत नाही आहात एवढं तरी त्यांच्या लक्षात येईल.

आता फरक काय ते सांगतो, कारण तो मोठा आहे.

वेफर मरत नाही. त्याच जागेवर पुन्हा जाऊन दहा वेळा इमेज घ्या, तो तसाच असतो. प्रोटीनवर इलेक्ट्रॉनचा झोत पडला की ते जळायला लागतं. म्हणून अगदी थोडे, एका चौरस अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) साधारण चाळीस-पन्नास इलेक्ट्रॉन द्यायचे, जी अंधुक इमेज मिळेल ती घ्यायची, आणि अशा हजारो-लाखो कणांची सरासरी काढायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक दुबोशे यांनी हायडलबर्गला पाणी इतक्या झपाट्याने गोठवून दाखवलं की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, काचेसारखा पातळ बर्फ तयार होतो. लिक्विड नायट्रोजनने थंड केलेल्या इथेनमध्ये ग्रिड (सँपल ठेवायची बारीक जाळी) बुडवायची ती पद्धत आजही तशीच चालते. योआखिम फ्रँक यांनी वेगवेगळ्या दिशांना वळलेले कण एकत्र आणायचं गणित बसवलं. रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी १९७५ मध्ये बॅक्टेरियोऱ्होडॉप्सिन या प्रोटीनचा ७ अँगस्ट्रॉमचा नकाशा काढला (आकडा जितका लहान तितका तपशील बारीक). त्याच प्रोटीनच्या अणूंपर्यंत पोचायला हेंडरसनना १९९० उजाडलं. पंधरा वर्षं एकच प्रोटीन! आपल्याकडच्या तीन वर्षांच्या प्रोजेक्टच्या जमान्यात हे वाचून हेवा वाटतो. दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना २०१७ चं नोबेल मिळालं. बक्षीस केमिस्ट्रीचं, शोधाचा उपयोग बायॉलॉजीला, आणि तिघांचंही शिक्षण फिजिक्सचं.

तरीही हे तंत्र बरीच वर्षं चेष्टेचाच विषय होतं, कारण चित्रं म्हणजे नुसते गोळे. २०१२-१३ च्या सुमारास इलेक्ट्रॉन थेट मोजणारे सीमॉस, म्हणजे सेमीकंडक्टर चिपचे, डिटेक्टर आले, एकेका फोटोऐवजी फ्रेम्सची मूव्ही मिळू लागली, झोताखाली सँपल किती हललं ते दुरुस्त करता येऊ लागलं, आणि चित्र पालटलं. २०१३ च्या शेवटी टीआरपीव्ही-१ या मेम्ब्रेन (पेशीच्या आवरणातल्या) प्रोटीनची रचना ३.४ अँगस्ट्रॉमला निघाली, तीही स्फटिकाशिवाय. २०२० मध्ये अपोफेरिटिन या प्रोटीनमधले अणू सुटे दिसले. म्हणजे या क्षेत्राचं नशीब उघडलं ते सेमीकंडक्टरच्या कारागिरीने. तुम्ही परक्या प्रांतातून येताय असं तुम्हालाच वाटतंय.

मग अडचण कुठे आहे? सँपलमध्ये. आज क्रायो-ईएमच्या कुठल्याही लॅबमध्ये विचारा, रडगाणं एकच ऐकाल. प्रोटीन पेशींमध्ये नीट तयार होत नाही, शुद्ध करायच्या कॉलममधून (नळीतून) स्वच्छ निघत नाही, निघालं तर ग्रिडवर हवा आणि पाण्याच्या सीमेवर जाऊन उलगडतं, किंवा सगळे कण एकाच कुशीवर झोपतात आणि बाकीच्या बाजू दिसतच नाहीत. तीन मिलिमीटरच्या ग्रिडवर बर्फ कुठे जाड, कुठे नाहीच. यातलं काहीही कॉम्प्युटरवर बसून पूर्ण सुटत नाही. म्हणून ‘बायॉलॉजीचा गंध नाही’ हा तुमचा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात शोधू नका. कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून कॉलम चालवायला शिका, जेल लावा, आपल्या हाताने ग्रिड खराब करा. जीवशास्त्राची पुस्तकं त्यानंतर वाचलीत तर डोक्यात शिरतील. ही शिकाऊ वर्षं टाळलीत तर एक हमखास होईल: लॅबमध्ये तुम्ही ‘कॉम्प्युटरवाली’ होऊन बसाल. सगळे डेटा आणून देतील, पेपरवर मधे कुठेतरी तुमचं नाव येईल, आणि प्रश्न कोणता विचारायचा हे ठरताना तुम्हाला कोणी बोलावणार नाही.

फिजिक्सवाल्यांच्या एका खोडीबद्दलही बोलायला हवं. जीवशास्त्र म्हणजे अजून नीट न मांडलेलं फिजिक्स, आपण गेलो की दोन समीकरणांत आवरू, असा एक सुप्त समज असतो. पत्रात ‘त्यांचं अल्गोरिदम फारच प्राथमिक वाटलं’ असं एक वाक्य आहे. लॅबमधल्या पहिल्या दिवशी ते मनातच ठेवा. त्या प्राथमिक वाटणाऱ्या पायऱ्यांमागे सँपलच्या खोडी ओळखणाऱ्यांचे अनुभव असतात. निदान वर्षभर विचारत राहा, मग सुधारा.

तुमच्या मित्राचं अल्फाफोल्डबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं तुम्ही गांभीर्याने घ्यायला हवं. एकटं, शांत, एकाच आकारात राहणारं प्रोटीन घेऊन त्याची रचना काढायची, हे काम आता करिअर होऊ शकत नाही. पण अल्फाफोल्ड शिकलं कशावर? १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे प्रयोगशाळांमधल्या माणसांच्या पन्नास वर्षांच्या घामावर. प्रोटीन काम करताना कसकशी वळतात, पेशीच्या आत गर्दीत कोणाला चिकटतात, नवं औषध बसल्यावर काय हलतं, हे अजूनही बघावंच लागतं. पेशीचा पातळ काप काढून तो तिरपा करत करत इमेज घ्यायची क्रायो-टोमोग्राफी तर नॉइजच्या बाबतीत अजून रानटी अवस्थेत आहे. तुमच्यासारख्यांना तिथे काम आहे.

मित्राला अल्फाफोल्डवाल्या जॉन जंपर यांचीही गोष्ट सांगा. व्हॅन्डरबिल्टला फिजिक्स आणि गणित, मग केंब्रिजला फिजिक्सचं पुढचं शिक्षण, ते सोडून न्यूयॉर्कला डी. ई. शॉ रिसर्चमध्ये प्रोटीनच्या हालचालींची सिम्युलेशन्स करत तीन वर्षं नोकरी. तिथून पुन्हा विद्यार्थी होऊन शिकागोला थिअरेटिकल केमिस्ट्रीत पीएच.डी., २०१७ मध्ये अल्फाफोल्ड बनवणारी डीपमाइंड म्हणजे परत कंपनी, आणि २०२४ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल. शिकागोला त्यांच्या हाताशी शॉसारखी गणनशक्ती नव्हती, म्हणून कमी गणनात जास्त काम करायच्या युक्त्या शोधाव्या लागल्या, असं ते सांगतात. कंपनी आणि विद्यापीठ यांच्यामधली ये-जा तिकडे इतकी नवलाची राहिलेली नाही. आपल्याकडे आहे, हे मान्य.

आता ऑफरकडे वळू. तीन वर्षांची पोस्टडॉक जागा कोणासाठी असते? ज्याला पुढे स्वतःची लॅब काढायची आहे, स्वतःचा जैविक प्रश्न आयुष्यभर वागवायचा आहे, त्याच्यासाठी. तुम्ही ३७ व्या वर्षी बाहेर पडाल. आपल्या संस्थांच्या असिस्टंट प्रोफेसरच्या जाहिरातींमध्ये ३५ वर्षांची रेघ बऱ्याचदा असते. स्त्रियांना काही ठिकाणी सवलत मिळते, तरी नव्या विषयातले एक-दोन पेपर घेऊन त्या रांगेत उभं राहणं कठीणच. आणि मुळात तुम्हाला त्या रांगेत उभं राहायचंय, असं पत्रात कुठेही दिसत नाही. पेशीवरचा एखादा रिसेप्टर (संदेश घेणारं प्रोटीन) का उघडतो याने तुमची झोप उडत नाही, मोशन करेक्शनने उडते. तुम्ही साधनांच्या माणूस आहात. मायक्रोस्कोपची पद्धत सुधारणारी, दहा लॅब्जचे प्रश्न एकदम पुढे सरकवणारी व्यक्ती लागते ती तुम्ही.

संस्थेत मायक्रोस्कोप नवा आला आहे ना? मग तो चालवायला, वापरणाऱ्यांना शिकवायला, टोमोग्राफीची पाइपलाइन उभी करायला कोणी आहे का, हे विचारा. करोडो रुपयांचं यंत्र घेतात आणि त्यामागच्या माणसाची जागा मंजूर करायला विसरतात, हा आपल्याकडचा जुना रोग. प्रमुखांना सरळ लिहा की मला पोस्टडॉक नको, फॅसिलिटीच्या (सगळ्यांच्या वापराच्या मायक्रोस्कोपच्या) सायंटिस्टची जागा हवी, आणि त्यातला ठरलेला वेळ स्वतःच्या मेथड्सच्या कामाला हवा. जागेचं नाव काहीही असो, प्रोजेक्ट सायंटिस्ट, सायंटिफिक ऑफिसर, टेक्निकल ऑफिसर. पण कागदावर बघा: पेपरवर नाव कुठे येणार, स्वतःचं प्रपोजल टाकता येईल का, विद्यार्थी सोबत घेता येईल का, तीन वर्षांनी पगार कुठल्या खात्यातून. अशा पदांना आपल्या संस्थांत मान कमी मिळतो, हे लपवत नाही. प्राध्यापकांच्या बैठकीत खुर्ची नसते. हे तुम्हाला किती खुपेल ते तुम्हीच ठरवा. तुमच्यासारख्या स्वभावाला ते हळूहळू बोथट होतं असं मला वाटतं. नको त्या पदावर तीन वर्षं काढणं जास्त महाग पडेल.

त्या ‘नाही’ म्हणाल्या तर? मग आहे तिथेच राहून वाट बघा. बंगळुरूतच एनसीबीएस-इनस्टेम या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांच्या आवारात राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे. तिथली व्याख्यानं, कार्यशाळा यांवर नजर ठेवा. मायक्रोस्कोप आणि डिटेक्टर बनवणाऱ्या कंपन्यांना ॲप्लिकेशन सायंटिस्ट लागतात, हैदराबाद-बंगळुरूच्या कंत्राटी औषध-संशोधन कंपन्यांना स्ट्रक्चरल बायॉलॉजीची माणसं लागतात. तुमचा पूल विद्यापीठातूनच जायला हवा असं नाही.

दोन्हीपैकी काहीही होवो, आजपासून एक गोष्ट करता येईल. एम्पायर या सार्वजनिक संग्रहात क्रायो-ईएमचा कच्चा डेटा फुकट मिळतो. त्यातून रचनेचा नकाशा काढणारं रेलियन हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, आणि त्याच्या ट्युटोरियलसाठी बीटा-गॅलॅक्टोसिडेज या प्रोटीनचा छोटा डेटा सेट आहे. शनिवार-रविवारी तो सुरुवातीपासून नकाशापर्यंत न्या. त्याच कामाचं क्रायोस्पार्क हे सॉफ्टवेअर वापरायचा मोह होईल, कारण ते सोपं आहे, पण त्याचं फुकट लायसन्स बिगर-नफा संशोधनापुरतं असतं आणि तुम्ही कंपनीत आहात. घरच्या मशीनवर करा, कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा कोड, कंपनीची एकही कल्पना त्यात येऊ देऊ नका. नोकरीच्या करारातलं बौद्धिक संपदेचं कलम आधी वाचा. सहा शनिवारांनंतरही कणांच्या मागे लागावंसं वाटलं, तर मामला गंभीर आहे. शिवाय रजा टाकून दोन आठवडे त्या लॅबमध्ये काढा, आणि ते दोन आठवडे मायक्रोस्कोपवर घालवू नका, प्रोटीन शुद्ध करणाऱ्यांच्या टेबलापाशी घालवा.

पैशांचं बोलणं टाळू नका. २०२३ च्या सुधारित दरांनी रिसर्च असोसिएटला (पोस्टडॉकच्या दर्जाचं पद) दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता मिळतो. फॅसिलिटीच्या पदाचा आकडा वेगळा असेल, तो लेखी मागा. आणि ‘तुझं तू बघ’ हा होकार नाही. त्यात थोडी भीती असेल, थोडा राग असेल, किंवा हप्त्याचा न बोललेला हिशेब. एका संध्याकाळी दोघं कागद घेऊन बसा: एका पगारावर हप्ता किती महिने निघतो, शहर बदललं तर त्यांच्या नोकरीचं काय, फ्लॅट भाड्याने दिला तर किती सुटतात. त्यांना आकडे विचारा, परवानगी मागू नका.

सीव्हीचं सोपं आहे. कंपनीची चार वर्षं वरच्या बाजूला, ठळक. ‘इंडस्ट्रीत होते पण आता परत यायचंय’ असा माफीचा सूर कुठेही नको. कमी सिग्नलच्या इमेजमधून दोष शोधणं, रात्रंदिवस न थांबता चालणाऱ्या यंत्रासाठी भरवशाचा कोड लिहिणं, चाचण्या, आवृत्त्या, डेडलाइन, हे सगळं लिहा. पेटंटच्या अर्जावर नाव असेल तर तेही. विद्यापीठातल्या लॅब्जमध्ये एका विद्यार्थ्याने लिहिलेला कोड तो गेल्यावर कोणालाच चालवता येत नाही, हे तिथल्या प्रमुखांना चांगलं ठाऊक असतं. गोपनीय तपशील मात्र एकही नको.

आणि तुमचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे म्हणता, तर पदाचं नाव, पगार आणि मुदत लिहिलेलं पत्र हातात पडेपर्यंत मॅनेजरला अवाक्षर बोलू नका. प्रमुखांना जागा बदलून मागणारा मेल मात्र या आठवड्यातच पाठवा. मायक्रोस्कोप बसवतानाच माणसाची गरज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, वर्षभरात तिथे तात्पुरतं कोणीतरी बसवलेलं असतं.